आमच्या घरातले चार तास

बायको जाऊन दहा महिने झाले होते, आणि गेल्या श्रावणात मी तिला नातीच्या फोनवर पाहिलं. म्हणजे ती नव्हती, तिचं सोंग घेतलेली कुणी बाई होती. अंगावर नऊवारी, नाकात ही एवढी नथ, कपाळावर आडवं कुंकू. दार अर्धं उघडून ती जिन्याकडं तिरक्या डोळ्यानं बघत होती, आणि मागं कुणी तरी सारंगी रडवत होतं. माझी बायको लग्नानंतर नऊवारी नेसली नाही. इथल्या थंडीत ती गाऊनवर माझा जुना स्वेटर चढवून घरभर फिरायची. दार उघडायचं तर ती पुरतं उघडायची, आणि कोण आलंय ते बघायच्या आधीच आत या म्हणायची.

"आजोबा, ये आजी हैं?" नातीनं विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत.

"नाही."

"नीचे तो लिखा है, मकान-मालकिन."

"लिहू दे. लिहिलं म्हणून काय झालं."

ती फिल्म आमच्याच घरावर होती. चार भागांची. तिच्याबद्दल मला जे म्हणायचंय ते आता सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, तेव्हा मला जसं येतं तसंच सांगणार.

मी मूळचा सांगलीकडचा. आमच्या तालुक्यातली माणसं देशभर गलाईचा धंदा करतात. सोनार जुनं सोनं-चांदी आणतो, आम्ही ते भट्टीत वितळवतो, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून त्यातलं हीण काढतो आणि शुद्ध धातू परत देतो. मी सोळाव्या वर्षी लखनऊला आलो, चौकात सराफ्याच्या गल्लीत चुलत्याच्या भट्टीवर बसलो, आणि तिथंच म्हातारा झालो. आता दुकान मुलगा बघतो. मधल्या काळात विकास नगरला हे दोन मजल्यांचं घर झालं. खाली आम्ही, वर भाडेकरू. आई आणि मुलगा. मुलगा विमा कंपनीत कारकून होता, चाळिशीचा, लग्न न केलेला. आईला सगळी गल्ली अम्मा म्हणते, आम्हीही अम्माच म्हणतो. ती त्याला लल्ला म्हणायची. तो माझ्या बायकोला भाभी म्हणायचा, अम्मा बहू म्हणायची. तिच्या हातचा ठेचा मागून घ्यायचा, खायचा, डोळ्यांतनं पाणी काढायचा आणि दुसऱ्या दिवशी परत मागायचा. चालताना त्याचा डावा पाय जरा फेकल्यासारखा पडायचा.

बारा वर्षांपूर्वी एका दिवशी तो अम्माचं औषध आणायला म्हणून पिशवी घेऊन उतरला आणि परत आलाच नाही. अम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच कमी दिसायचं, आणि गोळ्यांच्या गुंगीत ती दिवसभर पडून होती. तो कधी गेला ते तिला सांगता येईना. त्याला घरातून जाताना पाहिलं ते एकट्या माझ्या बायकोनं.

आता इथंच सगळी गोम आहे, आणि ती माझ्यामुळं झाली.

माझी बायको घड्याळ बघायची नाही. तिला कळत नव्हतं असं नाही, पण तिचा दिवस माझ्या भट्टीवर चालायचा. भट्टी पेटली, भट्टी लागली, भट्टी विझली. पोलीस ठाण्यातला माणूस घरी आला तेव्हा तिनं तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "ये भट्टी बुझाके घर आए, हाथपाँव धो रहे थे, तब वो उतरे." तो माणूस माझ्याकडं वळला. भट्टी किती वाजता विझवता? मी म्हणालो, साडेपाचला विझवतो. त्यानं लिहून घेतलं. खाकी समोर बसली की आमच्यासारख्याला जेवढं विचारलं तेवढंच सुचतं. त्यानं रोजचं विचारलं, मी रोजचं सांगितलं.

तो दिवस अमावस्येचा होता. आम्ही गलाईवाले अमावस्येला भट्टी बाराला विझवतो, जागा धुतो, भट्टीपुढं नारळ फोडतो आणि दुकान बंद करतो. चुलत्याच्या वेळेपासून हे चालत आलंय. त्या दिवशी मी नारळाची वाटी घेऊन एकच्या सुमाराला घरी होतो. म्हणजे लल्ला उतरला तो दुपारी एकला. नाक्यावरच्या फळवाल्यानंही त्याला दीडच्या सुमारास बघितलं होतं. सगळं जुळत होतं. पण कागदावर माझ्या बायकोच्या नावानं संध्याकाळ पडली होती. महिन्याभरानं दुसरा साहेब आला, त्याला तिनं सांगितलं, आमची दुपारची जेवणं व्हायच्या आधी तो गेला. त्यानं तेही लिहिलं. आधीचं खोडलं नाही. झाले दोन जबाब. त्या वेळी कुणी त्यावर फार डोकं लावलं नाही. माणूस सापडला नाही, आणि कागद कुठं तरी पडून राहिले.

गेल्या पौषात एक मुलगी आली, दिल्लीची, बरोबर कॅमेरावाला. बेपत्ता झालेल्या माणसांवर फिल्म करते म्हणाली. मुलगी वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. पायातलं काढून आत आली. मी पिठलं केलं होतं, ते जेवली आणि नको नको म्हणताना ताट धुऊन ठेवलं. बायको जाऊन तेव्हा दोन-अडीच महिने झाले होते. लोक भेटायला येऊन गेले होते आणि आता तिचं नाव कुणी काढत नव्हतं. काढलं की मी रडेन अशी त्यांना भीती. ही मुलगी मात्र विचारायची. दादीजी कशा होत्या, काय म्हणायच्या, काय शिवायच्या. मी बोलत सुटलो. तीन दिवस बोललो. लल्ला गेल्यावर माझी बायको अम्माचा हात धरून दर मंगळवारी चारबाग स्टेशनवर त्याचा फोटो घेऊन उभी राहायची, वर्षभर, ते सांगितलं. भट्टीचं सांगितलं, अमावस्येचं सांगितलं, माझी चूक सांगितली. ती म्हणाली, दादाजी, हे फार महत्त्वाचं आहे, परत एकदा सांगा, आवाज नीट येऊ दे. मी परत सांगितलं. दुकानही दाखवलं. आमच्याकडं हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नाहीत, त्यात सोन्याचा कण असतो, म्हणून एका पिंपात साठवतात. ते पिंपही मोठ्या हौसेनं दाखवलं.

फिल्ममध्ये अमावस्या नव्हती. नारळ नव्हता. चारबाग नव्हतं. पिंप होतं. पिंपावर कॅमेरा इतका वेळ थांबला की मलाच वाटलं, आता यातनं काय निघतंय. तेजाबाचं वाफाळणारं घमेलं होतं. आणि एक जड आवाज विचारत होता: फळवाल्यानं दीडला पाहिलेला माणूस साडेपाचला त्याच घरातून कसा उतरला? हे चार तास कुठं गेले? मकान-मालकीण काय लपवत होती? मग माझं तोंड. त्या मुलीनं मला विचारलं होतं, दादीजी आत्ता असत्या तर त्यांना काय विचारलं असतंत, आणि मला बोलता येईना, मी खाली बघत बसलो. तो तुकडा त्यांनी बरोबर चार तासांच्या प्रश्नानंतर लावला. जो कुणी बघेल तो म्हणेल, म्हातारा दचकला.

बायकोचा एकच फोटो आहे ज्यात ती खदखदून हसतेय. तो मी भिंतीवरून काढून त्यांना दिला होता. त्यांनी तो काळा करून फक्त डोळे दाखवले.

आम्ही काही केलं असं ते कुठंच म्हणाले नाहीत. नुसतं विचारलं. उत्तर हातात ठेवून विचारलं, हे माझं म्हणणं आहे. शोध घेणारा माणूस चुकला तर मी समजू शकतो. मीही चुकलो. पण सापडलेलं पुन्हा पुरायचं आणि मग लोकांसमोर कुदळ घेऊन उभं राहायचं, याला काय म्हणायचं?

गल्लीत लगेच चालू झालं. भाजीवाला कोथिंबीर देता देता म्हणाला, "चाचा, मिर्ची दूँ, या तेजाब घर में है?" मीही म्हणालो, "है. तेरी लौकी डाल के देखता हूँ, गल जाती है कि नहीं." तो हसला, मी हसलो. घरी आलो तेव्हा कळलं, कोथिंबीर तिथंच राहिली.

याचंही मला फार नव्हतं. मला लागलं ते अम्माचं. बायको गेल्यापासून अम्मा रोज सकाळी दहाला कठडा धरून खाली यायची आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायची. मी चहा करायचो, ती नावं ठेवायची. "भैया, यह चाय है कि काढ़ा?" मग सगळा प्यायची. दोन म्हाताऱ्या माणसांचा अर्धा तास जायचा. फिल्म आली त्या दिवसापासून तिचं खाली येणं बंद झालं. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. माझ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, अम्मा ठीक आहे, दूध घेते, दार लावते. मला कळलं. तिच्या मनात आलं असणार की जिनं मला बारा वर्षं भाकरी करून घातली, तीच माझ्या पोराबद्दल काही लपवून गेली. हे बायकोला कळलं असतं तर? या एकाच विचारानं मला जेवण जाईना. लोकांनी मला खुनी म्हटलं असतं तरी मी खांदे उडवले असते. पण अम्मानं तिच्याबद्दल असं मनात धरून जावं, हे मला सोसवत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर दुपारी पडल्या पडल्या माझ्याही मनात आलं. तीच तीच गोष्ट इतक्या रुबाबात कुणी विचारत राहिलं की आपल्यालाच आपलं खरं वाटेनासं होतं. खरंच अमावस्या होती का? का मीच नंतर तसं धरून चाललो? मी नातीला तारीख सांगितली, म्हटलं, फोनात बघ गं, त्या दिवशी कोणती तिथी होती.

"अमावस्या ही थी, आजोबा. पर आपको तो पता था न?"

"पता होतं," मी म्हणालो. तिच्याकडं बघता आलं नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं बोलणं मी असं कधी कुणाला तपासायला दिलं नव्हतं.

मग त्या मुलीला फोन लावला. बोललो हिंदीत, इथं आपल्या भाषेत लिहितो. मी म्हणालो, बाळ, तू माझ्या घरी जेवलीस. मी तुला अमावस्या दोनदा सांगितली. ती कुठं गेली?

ती बराच वेळ काही तरी सांगत राहिली. वेळ कमी होता, वरच्या लोकांना प्रत्येक भागाच्या शेवटी एक प्रश्न हवा होता, नाही तर बघणारा पुढचा भाग लावत नाही. मग म्हणाली, "दादाजी, झूठ तो हमने कुछ नहीं बोला."

"नाही बोललीस. खरं काढून ठेवलंस. सोनाराकडं असं कुणी केलं तर त्याला आमच्या गल्लीत उभं करत नाहीत."

 मग हळू आवाजात म्हणाली, ती वरच्यांशी भांडेल. शेवटच्या भागाला चार-पाच मिनिटं जोडता येतील. तुम्ही ते सगळं परत बोलून पाठवा, मी घालते. माझा आनंद फोनमध्ये मावेना. तेवढ्यात ती म्हणाली, "बस, अम्मा से पूछ लीजिएगा. अम्मा को नारियल वाली बात मालूम है."

मी फोन ठेवला आणि पायऱ्या चढलो. 

दार उघडंच होतं. अम्मा खाटेवर बसली होती, फोन डोळ्याला अगदी चिकटवून. तीच फिल्म. तोच तुकडा पुन्हा मागं नेऊन बघत होती, ज्यात लल्लाचं सोंग घेतलेला एक पोरगा पिशवी घेऊन गल्लीतून पाठमोरा जातो.

"भैया, इसकी चाल देखो," ती म्हणाली. "मैंने ही बताया था लड़की को, बायाँ पैर ऐसे पड़ता था. उसने वैसा ही चलवाया."

मी विचारलं, अम्मा, नारळाचं तुम्हाला माहीत होतं?

तिनं फोन पालथा ठेवला. आणि सांगितलं, काही न लपवता. त्या दिवशी ती पट्टी बांधून पडली होती. माझी बायको वर आली, हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला. लल्ला कुठं, असं अम्मानं विचारलं. बायको म्हणाली, अभी उतरे हैं. खोबरं म्हणजे अमावस्या, म्हणजे दुपार, हे तिला फार उशिरा जुळलं. हे तिनं त्या मुलीला सांगितलं होतं, मी सांगितलं त्याच्याही आधी. मुलगी म्हणाली, अम्मा, हे घातलं तर गोष्टीत काही उरत नाही. एक माणूस औषधाला गेला आणि आला नाही, एवढंच राहतं. असं कोण बघणार? प्रश्न राहिला तर लोक बघतील, बघतील तर कुणी तरी ओळखेल.

"तो मैंने कहा, रहने दो," अम्मा म्हणाली.

मला राग आला. तो मी गिळला नाही. मी म्हणालो, माझ्या बायकोनं बारा वर्षं तुम्हाला जेवायला घातलं आणि तुम्ही तिचं नाव बाजारात मांडलंत.

"हो, मांडलं," ती म्हणाली. आमच्याबरोबर राहून तिला बरंच मराठी येतं. "इसीलिए तो नीचे नहीं आई. किस मुँह से आती? बहू होती तो उसके पैर पकड़ लेती. तुम्हारे तो पकड़ भी नहीं सकती, मर्द ठहरे."

मग तिनं मला फोन दाखवला. कानपूरहून कुणी लिहिलं होतं, असा माणूस आमच्या मोहल्ल्यात टायपिंग करतो. हरिद्वारहून कुणी, अयोध्येहून कुणी. बारा वर्षांत एक पत्र आलं नव्हतं, आणि आता रोज दोन-तीन. बहुतेक उगाच लिहिलेलं असणार, तिलाही ते कळत होतं. तरी तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं होतं, शेजारच्या बाईकडून लिहून घेऊन.

मी खाली आलो.  बायको असती तर काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं. "जाऊ द्या की ओ. माझं काय जातंय? तिचं पोरगं घावलं तर घावलं." ती असंच म्हणाली असती, भाजी निवडता निवडता, वर न बघता. आणि म्हणूनच मला गप्प राहता येईना. तिनं स्वतःचं कधी राखलं नाही. तिचं काय जातंय ते बघायला आता मी एकटाच उरलो होतो.

तिसऱ्या दिवशी परत वर गेलो. अम्माला सांगितलं, मी बोलणार. तुम्हाला वाईट वाटेल, तरी बोलणार. पण त्या मुलीला मी एक अट घातली आहे. मी बोलत असेन तितका वेळ तिनं माझं तोंड दाखवायचं नाही, लल्लाचा फोटो दाखवायचा. नुसता फोटो, अंधार न करता.

अम्मानं फोन उचलून परत डोळ्याला लावला. मी उतरलो.

रविवारी नातीनं व्हरांड्यात फोन उभा केला. ती मुलगी दिल्लीहून फोनमधून बघत होती. मी घसा साफ केला आणि जिन्यावर आवाज आला. अम्मा येत होती. एक पायरी, थांबायचं, एक पायरी. धुतलेली साडी, डोक्यावर पदर. नात धावत गेली तर तिला म्हणाली, "छोड़, गिरूँगी नहीं." ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "नारियल मैंने खाया था. तुमने तो फोड़ा भर था. पहले मैं बोलूँगी."

आणि बोलली. तिचा पोरगा किती वाजता उतरला, खोबरं कुणी दिलं, चारबागला कोण उभं राहायचं, सगळं. मध्ये एकदा माझ्या बायकोचं नाव घेताना अडली, पाणी मागितलं आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. मग मी भट्टीचं सांगितलं, ठाण्यातली माझी चूक सांगितली. पंधरा मिनिटंही लागली नसतील.

फोन बंद व्हायच्या आधी अम्मा पुढं वाकली. त्या मुलीला म्हणाली, "बिटिया, यह सब बता दिया. लोग अब भी ढूँढेंगे न?"

"हाँ अम्मा," मुलगी लगेच म्हणाली. "अब तो और ढूँढेंगे."

हे तिला कुठून माहीत? प्रश्न मिटला की बघणारा दुसरं काही लावतो, असं तिनंच सांगितलं होतं. नातीच्याही ते लक्षात आलं. तिनं माझ्याकडं बघितलं, काही तरी विचारायला तोंड उघडलं. मी तिच्या पायावर हलकेच पाय दिला.